लटकण्याचे बारा आठवडे

डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं, की बसून बसून तुमची पाठ आखडली आहे, रोज थोडं चढत जा. त्यांच्या मनात जिना होता. माझ्याही मनात जिनाच होता. पण बायकोने तोपर्यंत वाचनालयाच्या सूचनाफलकावर एक कागद पाहून ठेवला होता. ती त्या वाचनालयात पुस्तकं बांधते, म्हणजे सुटलेली पानं शिवून, गोंद लावून, दाबयंत्रात आवळून पुस्तक पुन्हा उभं करते. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे सुटलेली कुठलीही वस्तू आवळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. त्या वस्तूंमध्ये मीही आलो.

कागदावर लिहिलं होतं, "कड्यांवर चढणाऱ्यांसाठी ताकद आणि दम. बारा आठवडे. सहा जणांच्या गटात, शिस्तीने."

"आपण कड्यांवर चढत नाही," मी म्हणालो.

"खाली लिहिलंय, नवखे चालतील."

"चालतील म्हटलंय. चढतील असं नाही म्हटलेलं."

सकाळच्या वेळी ती माझ्या विनोदांना हसत नाही. संध्याकाळी हसते असंही नाही, पण सकाळी निदान कारण सांगता येतं. तिने दोघांची नावं आधीच दिलेली होती.

अर्ज सात पानी होता. मी स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे सात पानी अर्जाबद्दल माझ्या मनात आदरच असतो. पण पाचव्या पानावर रकाना होता, "अपघात झाल्यास कोणाला कळवावे?" मी बायकोचं नाव घातलं. बायकोने माझं घातलं. दोन्ही अर्ज परत आले. तिथल्या प्रशिक्षिकेचं म्हणणं असं, की तुम्ही दोघं एकाच दोराच्या दोन टोकांना असणार, तेव्हा जमिनीवर राहणारं तिसरं कुणीतरी हवं. विचार करता करता आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचं नाव सुचलं. ते निवृत्त हेडमास्तर आहेत आणि तळमजल्यावर राहतात, म्हणजे जमिनीवर असण्याबाबत त्यांच्याइतकी खात्री कुणाचीच देता आली नसती. त्यांची सही घ्यायला गेलो आणि हात दाखवून अवलक्षण ओढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या इमारतीला माहीत झालं होतं.

मग सल्ले सुरू झाले. सेक्रेटरी म्हणाले, चढण्यापूर्वी चार तास पोटात काही असता कामा नये. आमच्या समोरच्या वहिनी म्हणाल्या, रिकाम्या पोटी चढलात तर डोळ्यांपुढे अंधारी येईल, गच्च खाऊन जा. यांच्यापैकी कुणी स्टुलावर चढूनही दिवा बदललेला मी पाहिलेला नाही. पण उंटावर बसून शेळ्या हाकायला उंटाचा अनुभव पुरतो, शेळ्यांचा लागत नाही. डॉक्टरांकडे तंदुरुस्तीचा दाखला मागायला गेलो. "मी जिना म्हणालो होतो," ते म्हणाले. मग त्यांनी "चढण्यास हरकत नाही" असं लिहून दिलं आणि तोंडी म्हणाले, "उतरण्याचं तुमचं तुम्ही बघा."

प्रशिक्षण एका जुन्या गोदामात होतं. आत पस्तीस फूट उंचीची लाकडी भिंत होती, तिच्यावर रंगीबेरंगी गोटे ठोकलेले होते, त्यांना पकडी म्हणतात. प्रशिक्षिका आमच्या मुलीच्या वयाची असेल. सगळे तिला कोच म्हणायचे. ती आवाज कधीच चढवत नसे. जो माणूस ओरडतो त्याच्यावर रागावता येतं, पण जो हळू आवाजात "अजून एकदा" म्हणतो त्याच्यापुढे इलाज नसतो. गटात आमच्याखेरीज चौघं होती. एक बेकरीवाला, ज्याचे हात कोपरापासून खाली दुसऱ्याच कुणाचे असावेत इतके जाड होते. एक दातांच्या डॉक्टर, बारीक आणि शांत. आणि कॉलेजातले दोघे भाऊ, जे एकमेकांशी सोडून कुणाशी बोलत नसत.

"इथे कुणाची कुणाशी तुलना नाही," कोच म्हणाली आणि तिने भिंतीवर फळा टांगून त्यावर सहा जणांचे सहा रकाने आखले.

आधी वजन. माझं वजन शहात्तर किलो आहे हे मला पक्कं माहीत होतं, कारण घरचा काटा मला दर रविवारी तेच सांगतो. तिथला काटा एकाऐंशीवर जाऊन थांबला. कोचने मोठ्याने वाचलं आणि फळ्यावर लिहिलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी वजनमाप खात्यात हेडक्लार्क आहे. बाजारातल्या कुठल्याही काट्यावर खात्याचा शिक्का बसणार की नाही हे ज्या कागदावर ठरतं, तो कागद सव्वीस वर्षं माझ्या टेबलावरून जातो आहे. माझ्याशी एखादा काटा खोटं बोलतो म्हणजे काय हे सामान्य माणसाला कळायचं नाही. मी वाकून काट्याच्या तळाशी पाहिलं. शिक्का नव्हता. तसं मी बोलून दाखवलं.

"आम्ही याच्यावर काही विकत नाही हो काका," कोच म्हणाली. "माणसंच तोलतो."

सगळे हसले. बायकोही हसली. वजनाचं एक वेळ मी सोडून दिलं असतं, पण ते "काका" माझ्या फार वर्मी लागलं.

मग लटकण्याची परीक्षा झाली. डोक्यावर एक लाकडी फळी असते, तिला बोटांची फक्त पहिली पेरं मावतील एवढी कड असते. त्या कडेला धरून लटकायचं आणि कोच सेकंद मोजणार. भाऊ तीस-तीस सेकंद लटकले. बेकरीवाला चोवीस. दातांच्या डॉक्टर सोळा. बायको पुढे झाली, साडीच्या ऐवजी मुलीची जुनी विजार घातल्यामुळे जरा अवघडलेली होती. तिने कड अशी धरली जशी ती पुस्तकाची पाठ धरते, आणि पाय उचलले. एकोणीस सेकंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी पाळी आली तेव्हा मी दोन सेकंद लटकलो. कोचने अडीच लिहिले. त्या अर्ध्या सेकंदाबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

पुढचे तीन आठवडे दम वाढवण्याचे होते. भिंतीच्या खालच्या भागावर आडवं फिरत राहायचं, वीस मिनिटं, जमिनीला पाय न लावता. पाचव्या मिनिटाला हात भरून येतात, म्हणजे कोपराखालचा भाग दगडासारखा होतो आणि बोटं आपली राहत नाहीत. मला भांड्याचं झाकण उघडेना. पेन धरवेना. माझा रजेचा अर्ज वरच्या कार्यालयातून परत आला, त्यावर शेरा होता, "सही जुळत नाही." मी खुलासा पाठवला की हातांच्या व्यायामामुळे सही बदलली आहे. खुलासाही परत आला. त्यावरची सही अर्जावरच्या सहीशी जुळत होती, पण नोंदवहीतल्या सहीशी नाही, आणि अर्जावरची सही तर आधीच नामंजूर झालेली होती.

घरीही सुटका नव्हती. मी कपाट उघडायला गेलो की बायको मागून म्हणायची, "कोपर खाली घ्या." मी वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलो की म्हणायची, "पायावर भार द्या, हातावर नको." ती स्वतः मजेत होती. फळ्यावर तिचा रकाना दर आठवड्याला वर चढत होता आणि ती जेवताना बेकरीवाल्याच्या बोटांबद्दल बोलायची. दुसऱ्याच्या बोटांचं इतकं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी कचेरीत चहा पिताना माझ्या हातून कप पडला. साहेबांनी विचारलं, हाताला काय झालं. साहेब नुकतेच बदलून आलेले, उत्साही. मी सगळं सांगितलं आणि बोलता बोलता, गंमत म्हणून, त्या बिनशिक्क्याच्या काट्याबद्दलही सांगितलं. आता कबूल करायला हरकत नाही, की ती निव्वळ गंमत नव्हती.

"लिहून द्या," साहेब म्हणाले.

"तसं काही विशेष नाही, साहेब."

"या तिमाहीच्या तपासण्यांत आपल्याला एक कमी पडते आहे. आणि खात्याचाच माणूस गप्प बसला तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

मी लिहायला बसलो. चार ओळी लिहायच्या होत्या, तीन परिच्छेद झाले. सव्वीस वर्षांत इतका सुरेख मसुदा माझ्या हातून उतरला नव्हता. "शारीरिक क्षमतेबाबत नागरिकांची दिशाभूल" असा शब्दप्रयोग मी त्यात केला होता. खाली सही केली. नवी. ती मात्र कुणी परत पाठवली नाही.

मला वाटलं होतं, कुणीतरी जाईल, काट्याला समज देऊन येईल. गुरुवारी जो निरीक्षक गेला तो महिन्यापूर्वी नोकरीला लागलेला होता आणि नियम त्याला पाठ होते. त्याने काटा तर जप्त केलाच, पण व्यायामाच्या लोखंडी चकत्यांवर आणि डंबेलांवर "पाच किलो", "दहा किलो" असं छापलेलं त्याला दिसलं. त्या सगळ्या वस्तू बिनशिक्क्याची वजनं ठरल्या. एकूण त्रेचाळीस. त्या उचलून न्यायच्या तर खात्याच्या गाडीला ते वजन झेपेना, म्हणून त्याने गोदामाच्या दाराला तार लावून शिशाचं सील ठोकलं आणि आत सगळं होतं तसं ठेवून निघून गेला.

संध्याकाळी आम्ही सहाही जण त्या दारासमोर उभे होतो. कोच पायरीवर बसून वहीत काहीतरी खोडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे आठवडे ताकदीचे असतात, दहा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर कमावलेलं सगळं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

"कुणीतरी तक्रार केली असणार," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या.

"असतात असे जळके लोक," बेकरीवाला म्हणाला. "स्वतःला जमत नाही, दुसऱ्याचं बघवत नाही."

"अहो, तुमचंच खातं ना हे?" बायको माझ्याकडे वळली. "बघा ना काहीतरी."

सगळे माझ्याकडे आशेने बघू लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या आशेला उत्तर म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "तोवर आमच्या घरी करू या."

बेकरीवाल्याने माझा हात हातात घेऊन दाबला. माणसाचं मन मोठं असायला पाहिजे, असं तो म्हणाला. हात दोन दिवस दुखला.

शनिवारी सुतार आला. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या चौकटीवर फळी बसवायची होती.

"कशासाठी?" त्याने विचारलं.

"लटकायला."

त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, तिने मान डोलावली, मग त्याने चौकटीवर टकटक केलं. "ही चौकट चार खिळ्यांवर आणि बाकी विश्वासावर उभी आहे," तो म्हणाला. पण फळी बसवून गेला.

वजनांचा प्रश्न मी सोडवला. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरलं की पाच किलो. मी प्रत्येक कॅनवर खुणेची रेघ मारली. बेकरीवाला म्हणाला, साहेब, तुम्ही असताना शिक्क्याची काय गरज. मी पाणी प्यायला आत गेलो.

कार्यक्रम असा होता: सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं, असं सहा वेळा. मग दोन्ही हातांत कॅन घेऊन चार मजले वर, चार मजले खाली, वीस फेऱ्या. समोरच्या वहिनी दारात खुर्ची टाकून आमच्या फेऱ्या मोजायच्या. त्या नेहमी चुकायच्या, आणि चुकल्या की कमीच मोजायच्या, म्हणून प्रत्येकाच्या दोन फेऱ्या जास्तीच्या होत. तिसऱ्या दिवशी एका भावाच्या हातून कॅन सुटला आणि पाच लिटर पाणी पायरी-पायरीने उतरत सेक्रेटरींच्या दाराखालून आत गेलं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, "जिन्याचा वापर वर जाण्यासाठी किंवा खाली येण्यासाठी करावा. दोन्ही गोष्टी लागोपाठ वीस वेळा करू नयेत."

मी समजूत काढायला निघालो तर ते स्वतःच वर आले. त्यांचं पाणी पुसून झालेलं होतं, पण शिस्तीचा मुद्दा बाकी होता. हॉलमध्ये येऊन त्यांनी पाहिलं, माणसं ओळीत उभी आहेत, कुणी बोलत नाही, एक लटकतो आहे आणि एक मुलगी घड्याळ बघते आहे. त्यांचा चेहरा पालटला. असा वर्ग त्यांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नसावा. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेतली जुनी शिट्टी घेऊन वेळ मोजायला येऊ लागले. नोटीस तशीच राहिली. तिच्याखालून आम्ही वीस वेळा जायचो.

दोन आठवडे असे गेले. आणि खरं सांगायचं तर मला जमायला लागलं होतं. मी सात सेकंद लटकू शकत होतो, पुन्हा पुन्हा. त्या बुधवारी मी चौथ्यांदा लटकत होतो. सगळे मोजत होते, बायकोसुद्धा. "चार, पाच," आणि सहावर मला जाणवलं की फळी माझ्याबरोबर खाली येते आहे. फळीबरोबर चौकट आली, चौकटीबरोबर वरचं प्लॅस्टर आलं. धूळ खाली बसली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेलो होतो आणि अख्खी चौकट हारासारखी माझ्या गळ्यात होती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

टपालवाला होता. नोंदणीचं पत्र, सही हवी. दाराजवळ दातांच्या डॉक्टर होत्या, त्यांनी माझ्या वतीने सही केली आणि लिफाफा हातात घेतला. आमच्या खात्याच्या लिफाफ्यांवर विषय बाहेरच छापलेला असतो, म्हणजे टपाल चुकीच्या टेबलावर जाऊ नये. ही सुधारणा सहा वर्षांपूर्वी मीच सुचवली होती आणि तिच्याबद्दल मला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

त्यांनी वाचलं. दातांच्या डॉक्टर आवाजात चढउतार न करता बोलतात. "तक्रारदारास सूचना. विषय, चढाई केंद्रातील वजनकाट्याबाबत आपण केलेली तक्रार. सुनावणीस जातीने हजर राहावे."

सेक्रेटरींच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली होती आणि श्वासाबरोबर ती बारीक वाजत होती. बेकरीवाला पुढे आला. त्याने माझ्या गळ्यातली चौकट दोन हातांनी अलगद काढली, भिंतीला टेकवून ठेवली, मग आपला कॅन उचलला, मोरीत ओतला, पालथा घातला आणि निघून गेला. मग भावांनी आपले कॅन ओतले. दातांच्या डॉक्टरांनी ओतला. माणसांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कोच शेवटी माझ्याजवळ येऊन खाली बसली, माझी पाठ दाबून पाहिली, "दुखतंय का?" असं विचारलं, मी नाही म्हणालो, आणि तीही गेली.

बायकोने प्लॅस्टर झाडून काढलं. त्यानंतर आठवडाभर तिने माझ्याशी फक्त संपलेल्या वस्तूंबद्दल बोलणं ठेवलं. साबण संपलाय. मीठ संपलंय.

मी तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न केला. तक्रार मागे घेण्याचा नमुना खात्यात नाही. साहेब म्हणाले, तक्रारदार माघार घेतो म्हणजे त्याच्यावर दबाव आला असणार, त्याची वेगळी चौकशी लावावी लागेल. शिवाय सुनावणीची फाइल तयार करण्याचं काम हेडक्लार्कचं. त्यामुळे मी मला स्मरणपत्र पाठवलं, ते मिळाल्याची पोच मला दिली, आणि ती पोच फाइलला लावली.

कॅन पालथे झाले त्या दिवसापासून आठव्या दिवशी सुनावणी झाली. दहा दिवसांतले दोनच उरले होते. साहेबांनी माझ्यासाठी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, एक तक्रारदाराची आणि एक हेडक्लार्कची, आणि प्रश्न ज्याला असेल त्याने त्या खुर्चीत बसून उत्तर द्यायचं होतं. समोर कोच बसली होती. तिच्या शेजारी माझी बायको. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि ती त्या बाजूला बसली होती.

निरीक्षकाने काटा आणला. खात्याची प्रमाण वजनं एकेक करून त्यावर ठेवली गेली. दहा किलो, वीस, पन्नास, ऐंशी. पाच ग्रॅमचाही फरक निघाला नाही.

"मग तुमचं म्हणणं काय होतं?" साहेबांनी विचारलं. मी तक्रारदाराच्या खुर्चीत गेलो.

"घरच्या काट्यावर माझं वजन पाच किलोंनी कमी भरतं, साहेब."

"घरचा काटा तपासलेला आहे?"

मी उत्तर देण्याआधी बायको बोलली. "घरचा काटा मीच पाच किलो मागे फिरवून ठेवलाय. तीन वर्षं झाली." तिने माझ्याकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं. "दर रविवारी फार खट्टू व्हायचे. म्हटलं, बरं वाटेल."

हे सगळं लेखी झालं. ते लिहून घेणं हेडक्लार्कचं काम असल्यामुळे मी दुसऱ्या खुर्चीत जाऊन ते स्वतःच्या हाताने लिहिलं, की वजनमाप खात्याच्या हेडक्लार्कच्या घरी तीन वर्षं चुकीचा काटा वापरात होता. साहेबांनी नियमाचं पुस्तक चाळलं आणि निर्णय दिला: ज्या काट्यावर किंवा वजनांवर काही विकलं जात नाही त्यांच्याशी खात्याचा संबंध नाही. पहिल्या दिवशी कोचने हेच एका वाक्यात सांगितलं होतं. खात्याला चोवीस पानं लागली.

पण निर्णय झाला म्हणजे सील निघालं असं नाही. सील काढण्याच्या आदेशाला सात टेबलांवर सह्या लागतात आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला सरासरी चार दिवस घेते. हा सरासरीचा आकडाही मीच काढलेला आहे. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा फाइल हातात धरून चालत निघालो. मुख्य कार्यालयाची लिफ्ट बंद होती. पाच मजले. एका टेबलावरचे साहेब जेवायला गेले होते, तर मी खाली उतरून त्यांना उपाहारगृहात गाठलं. दुसऱ्या टेबलावर शिक्का वरच्या मजल्यावर होता, तो आणला आणि परत नेऊन दिला. तिथल्या बाईंनी, ज्यांनी माझी सही दोनदा परत पाठवली होती, माझ्याकडे वर पाहून विचारलं, "एवढी कसली घाई?" मी म्हणालो, "खंड पडतोय." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी सही केली. दहाव्या दिवशी दुपारी चार वाजता मी निरीक्षकाला दंडाला धरून गोदामापाशी घेऊन गेलो आणि त्याने तार कापली.

संध्याकाळी गट आला. मी बाजूला उभा होतो, जायचं की थांबायचं हे न कळून. कोचने फळ्यावरची धूळ पुसली, सहा रकाने होते तसेच ठेवले आणि म्हणाली, "गट सहाचा आहे. पाचाचा आराखडा माझ्याकडे नाही." एवढंच. बेकरीवाला पुढचे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मात्र मी लटकत असताना खालून माझ्या कंबरेला आधार द्यायची पाळी त्याची असायची आणि तो आधार त्याने एकदाही कमी दिला नाही.

बाराव्या आठवड्यात शेवटची परीक्षा होती. पूर्ण भिंत, दोराने, प्रत्येकाने एकदा. दोर वरच्या कडीतून खाली येतो, एक टोक चढणाऱ्याच्या कंबरेला, दुसरं जमिनीवरच्या माणसाच्या कंबरेला. माझा दोर बायकोने मागून घेतला. घरात आता ती संपलेल्या वस्तूंखेरीजही बोलत असे, पण त्या पत्राचा विषय तिने सहा आठवड्यांत एकदाही काढला नव्हता. मी वाट बघत होतो. वाट बघून बघून मला वाटायला लागलं होतं की ती काढणारच नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मी चढलो. कधी नव्हे ते बरा चढलो. पायांवर भार दिला, कोपरं खाली ठेवली. माथा दोन पकडींवर राहिला आणि माझे हात भरून आले.

"खाली घे," मी म्हणालो.

दोर हलला नाही.

"अगं, हात गेले माझे. घे खाली."

"तक्रार का केलीत?" तिने खालून विचारलं. मोठ्याने नाही. पण गोदामात सगळं ऐकू जातं. दोघे भाऊ आपापल्या बुटांच्या नाड्या बघू लागले.

"काटा जास्त दाखवतो असं वाटलं."

"काट्याचं नाही विचारत मी."

माझी बोटं एकेक करून सुटत होती. अशा वेळी माणसाला मसुदा करता येत नाही. "तू एकोणीस सेकंद लटकलीस," मी भिंतीला म्हणालो. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्तावीस वर्षांत तुझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं."

ती म्हणाली, "उजवा पाय वर घ्या. गुडघ्याजवळ पिवळी पकड आहे. केव्हाची दिसतेय मला."

मी पाय वर घेतला. पिवळी पकड होती. तिच्यावर उभा राहून मी वरच्या पकडीला हात लावला, ती धरली, शेवटच्या पकडीकडे झेपावलो, आणि सुटलो.

वजनात जास्त फरक असला तर खालच्या माणसाला जमिनीतल्या कडीला बांधतात. बायकोलाही बांधलेलं होतं. पण माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून ती दोन पावलं पुढे आली होती, आणि तेवढ्यासाठी तिने ती कडी सोडली होती. त्यामुळे मी खाली येऊ लागलो तशी ती वर येऊ लागली. दोर तिने हातातून सोडला नाही. जमिनीपासून पंधराएक फुटांवर आम्ही एकमेकांसमोर येऊन थांबलो, ती पाय भिंतीला लावून आणि मी हात लोंबकळत, मधे हातभर अंतर. तिचे केस सुटले होते आणि गालावर, हात घसरू नयेत म्हणून चोळतात ती पांढरी पूड लागली होती.

"खरंच वजन आहे हो तुम्हाला," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणालो. "आणि लटकलीस तू छान. तेव्हाच म्हणायला हवं होतं मी."

खालून बेकरीवाल्याने दोर पकडला. कोच म्हणाली, "घाबरू नका, दोघांनाही हळूहळू उतरवते."

"थांब जरा," बायको तिला म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागलेत."